तळणाचे तेल आणि इंजिन

आपल्याकडे लग्न म्हटले की पंगत आली. पंगत आली की पुऱ्या आल्या, भजे आले. पाहुणे जेवून जातात. आचारीही जातो. मांडवामागे कढई राहते आणि कढईत काळे तेल राहते. त्याचे काय करायचे?

बार्शीटाकळीजवळ आमचे थोडे शेत आहे. ते माझा पुतण्या पाहतो. शेताला नाल्याचे पाणी आहे, पण तिथवर विजेची तार गेलेली नाही. म्हणून त्याने जुने डिझेल इंजिन ठेवले आहे. दोन वर्षांमागे तुळशीच्या लग्नानंतर घरी लग्न झाले. तळणाचे दोन पिपे तेल उरले. पुतण्या म्हणाला, "काकाजी, डिझेल किती महाग झालं! हे तेल इंजिनात टाकलं तं? तेल तं तेलच असते नं?"

मी म्हणालो, "गाळल्याशिवाय टाकू नको बाबा."

त्याने ऐकले. पण गाळले कशाने? चहाच्या गाळणीने!

दोन दिवस इंजिन चालले. तिसऱ्या दिवशी काळा धूर ओकू लागले आणि बंद पडले. तेव्हा गहू 20 दिवसांचा होता. गव्हाला 18 ते 21 दिवसांच्या सुमारास पहिले पाणी द्यावे लागते. त्या वेळी त्याची नवी मुळे फुटतात. मिस्त्री यायला पाच दिवस लागले. त्याने फिल्टर उघडला, तर आत बेसनाचा काळा चिखल! त्या साली गव्हाला फुटवे कमी आले.

तरी पुतण्याचे बोलणे अगदीच खोटे नव्हते. हे इंजिन शोधून काढले रुडॉल्फ डिझेल नावाच्या जर्मन माणसाने. त्याच्याच नावावरून आपण डिझेल म्हणतो. 1900 साली पॅरिस शहरात मोठे प्रदर्शन भरले होते. तिथे असे एक इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवले. आपल्या भुईमुगाच्या!

मग आपले इंजिन का अडले? ते तेल स्वच्छ होते. आपल्या तेलात पिठाचे कण असतात, मीठ असते, भज्यांतले पाणी असते. इंजिनात तेल फवारणारी भोके फार बारीक असतात. एका मिलिमीटरचे हजार भाग करा. त्यातल्या एका भागाला मायक्रॉन म्हणतात. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो. तेल 10 मायक्रॉनपर्यंत गाळावे लागते. तिथे चहाची गाळणी काय करणार?

आता आम्ही घरीच गाळणी केली आहे. खर्च फारसा नाही. झाकणाचा एक ड्रम घ्या. बुडापासून चार बोटे वर तोटी बसवा. तेल पूर्ण थंड झाले की त्यात ओता आणि आठ दिवस हलवू नका. गाळ आणि पाणी खाली बसते. तोटी वर असल्यामुळे निवळ तेवढेच बाहेर येते. निम्मे काम हा ड्रमच करतो. लोकांना धीर नसतो, म्हणून ते फडक्यापासून सुरुवात करतात आणि फडके लगेच तुंबते.

नंतर जुन्या जीनच्या पँटचा एक पाय कापून घ्या. खालचे तोंड घट्ट शिवा. ही झाली पिशवी. ती दुसऱ्या ड्रमवर टांगा आणि तेल तिच्यात सोडा. थेंब थेंब पडेल. पडू द्या. पिशवी पिळू नका, नाहीतर घाण कापडातून पार होते. हे काम उन्हाळ्यात करावे. अकोल्याचे ऊन एरवी जीव घेते, पण इथे कामी येते. तापलेले तेल पातळ होते. थंडीत पाम तेल तर गोठूनच बसते.

पाणी राहिले का, ते असे पाहा. कोरड्या पळीत चमचाभर तेल घ्या आणि तापवा. चेहरा दूर ठेवा. तडतडले तर पाणी आहे. ते तेल पुन्हा निवळत ठेवा. तेलाने पेट घेतला, तर पाणी मारू नका. भडका उडतो. झाकण घालून विझवा. तेलकट फडक्यांचा ढीगही ठेवू नका. तो आपोआप तापून पेटू शकतो.

एवढे करूनही ते डिझेल होत नाही. खाण्याचे तेल डिझेलच्या दहापट दाट असते. थंड इंजिनात ते नीट जळत नाही, आत काजळी धरते. म्हणून पुतण्या 9 लिटर डिझेलात 1 लिटरच मिसळतो. तेही त्या जुन्या, सावकाश फिरणाऱ्या इंजिनात. ट्रॅक्टरमध्ये किंवा गाडीत टाकू नये. कारखान्यात याच तेलाचे बायोडिझेल करतात. त्याला मेथॅनॉल लागते. ते विष आहे आणि चटकन पेटते. घरी तो खटाटोप नको.

काही जण म्हणतील, एवढी खटपट कशाला? वडेवाल्याला विकून टाका. नाही हो! तेच तेल पुन्हा आपल्याच लेकरांच्या पोटात जाते. तेल वारंवार तापले की त्यात अपायकारक द्रव्ये तयार होतात. त्यांना ध्रुवीय संयुगे म्हणतात. ती शंभरात 25 भागांहून जास्त झाली, तर ते तेल स्वयंपाकाला वापरायचे नाही, असा नियम 1 जुलै 2018 पासून लागू झाला.

आमच्या ड्रमवर मोठ्या अक्षरांत लिहिले आहे, "खाण्याचे तेल नाही." ते सूनबाईने लिहिले. ती मागच्या साली रात्रीच्या वर्गाला येत होती.