चारिझार्ड : भाव कागदाला नव्हे, दर्जाला

आम्ही कापडवाले थान हाती घेतले की आधी डाग पाहतो, मग काठावरचा शिक्का. जपानच्या ‘पोकेमॉन’ खेळातल्या चारिझार्ड या आग ओकणाऱ्या, पंखवाल्या प्राण्याच्या कार्डाचा बाजारही याच पारखीवर चालतो. मित्सुहिरो अरिता यांनी चितारलेले हे कार्ड जपानमध्ये १९९६ साली, तर अमेरिकेत इंग्रजीतून १९९९ साली निघाले. पहिल्या आवृत्तीचा शिक्का असलेली, तपासणीत दहापैकी दहा गुण मिळालेली एक इंग्रजी प्रत मार्च २०२२ मध्ये ४ लाख २० हजार डॉलरला गेली. कोपरा झिजला, घडी पडली की भाव कोसळतो. नकली मालही फिरतो. मुलाच्या हौसेखातर कार्ड खुशाल घ्यावे. नफ्यासाठी घेणाऱ्याने मात्र पारखल्याशिवाय बयाणा देऊ नये.