डाउनलोड १००, पिंग ४००: आजीच्या यूट्यूबवर खटला चालवण्याआधी

आजचा विषय तुम्हीच मेसेज करकरून माझ्या गळ्यात मारलाय. 'प्लॅन शंभर एमबीपीएसचा आहे, तरी बीजीएमआयमध्ये पिंग लाल का होतो?' आणि पाठोपाठ दुसरं वाक्य ठरलेलं: 'आजी यूट्यूब लावते म्हणून', 'बाबांची मीटिंग असते म्हणून'. म्हणजे निकाल आधीच लागलाय! आज मी आजीचं वकीलपत्र घेतोय. कारण बऱ्याच घरांत खरा आरोपी कुणाच्या तरी खिशात गुपचूप बसलेला असतो.

आधी एक गोष्ट. गेमला स्पीड फार लागत नाही. मॅच चालू असताना एक एमबीपीएससुद्धा पुरून उरतो. गेमला हवं असतं वेळेवर उत्तर. तुमच्या फोनपासून सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला जो वेळ लागतो, तो पिंग. फायबरमध्ये प्रकाश एका मिलिसेकंदाला साधारण २०० किलोमीटर जातो. सिंगापूर मुंबईपासून सरळ रेषेत ३,९०० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे जाऊन-येऊन ४० मिलिसेकंद तर नुसत्या अंतराचेच झाले. तिथला सर्व्हर निवडलात तर कुठलाही प्लॅन त्याखाली नेणार नाही.

पण तुमची तक्रार वेगळी आहे ना? पिंग ३० असतो आणि मध्येच ४०० वर उडी मारतो. आता अंतर काही मध्येच वाढत नाही. मग पॅकेट कुठेतरी रांगेत उभं असणार.

खेड शिवापूरचा टोलनाका डोळ्यासमोर आणा. समजा एकच लेन चालू आहे, पुढे चाळीस ट्रक आहेत आणि मागे तुमची स्कूटर. तुमचं काम दोन सेकंदांचं, पण ट्रक सरकल्याशिवाय तुम्ही हलणार नाही. तुमची गोळी म्हणजे ती स्कूटर. आणि ट्रक? लग्नाहून परत आलेल्या ताईच्या फोनमधले सहाशे फोटो आणि व्हिडिओ, जे वायफाय मिळताच आपोआप बॅकअपला लागलेत. ताईला पत्ताही नाही.

गंमत म्हणजे ही रांग अपलोडची असते, आणि अपलोडकडे कुणी बघतच नाही. फायबरच्या बऱ्याच प्लॅनमध्ये अपलोड डाउनलोडइतकाच असतो, पण केबलवाल्याच्या जुन्या लाइनवर किंवा ५जी राउटरवर तो बराच कमी असू शकतो. धरा २० एमबीपीएस. मोडेममध्ये एक मेगाबाइटची रांग साचली, म्हणजे ८ मेगाबिट. ती संपायला ०.४ सेकंद. हेच तुमचे ४०० मिलिसेकंद! आजीचा १०८०पी व्हिडिओ ५ एमबीपीएसच्या आसपास घेतो, तोही डाउनलोडमधून. शंभरच्या लाइनला त्याचं ओझं नाही.

या आजाराला नाव आहे, बफरब्लोट. जिम गेटिस नावाच्या इंजिनिअरने २०१० मध्ये स्वतःच्या घरच्या कनेक्शनवर तो पकडला. एकही पॅकेट फेकायचं नाही म्हणून उपकरणांमध्ये भल्यामोठ्या रांगा ठेवल्या गेल्या, आणि त्याच रांगा उशीर करू लागल्या.

आता तपास. वायफाय सेटिंगमध्ये 'गेटवे' असा पत्ता दिसतो, बहुधा १९२.१६८.१.१ सारखा. एखाद्या फुकट पिंग ॲपने त्यालाच पिंग करा. तो तुमच्या घरातला राउटर आहे, उत्तर काही मिलिसेकंदांत यायला हवं. तिथेच आकडा शंभरावर उड्या मारत असेल तर कंपनीला फोन करू नका, घोळ वायफायचा आहे. राउटर टीव्हीच्या कपाटातून बाहेर काढा आणि ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क पकडा. २.४ वर अख्ख्या बिल्डिंगची गर्दी असते, वर ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्हही तिथेच. पीसीवर खेळत असाल तर सरळ लॅन केबल. शंभर-दोनशे रुपयांच्या केबलइतका चांगला गेमिंग ॲक्सेसरी मला तरी माहीत नाही.

राउटरचा पिंग शांत असेल तर फास्ट डॉट कॉम उघडा आणि जास्तीच्या माहितीत जा. तिथे लेटन्सीचे दोन आकडे दिसतील, अनलोडेड आणि लोडेड. पहिला २० आणि दुसरा ३०० असेल तर रांग सापडली.

झटपट उपाय म्हणजे मॅचच्या वेळी बॅकअप थांबवणं. सीसीटीव्ही क्लाउडवर सतत रेकॉर्डिंग पाठवत असेल तर तेही तपासा. पक्का उपाय राउटरमध्ये असतो, एसक्यूएम नावाचा. तो ओपनडब्ल्यूआरटी चालणाऱ्या राउटरवर मिळतो. त्यात अपलोडची मर्यादा खऱ्या स्पीडच्या ८५-९० टक्के ठेवायची. स्वतःहून स्पीड कमी करायचा? हो! मग रांग मोडेममध्ये साचत नाही, तुमच्या राउटरच्या हातात राहते, आणि तो स्कूटरला डावीकडून वेगळी वाट देतो. त्यामागची कोडेल ही पद्धत कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये मांडली. कंपनीने दिलेल्या डब्यात एसक्यूएम सहसा नसतं. पण 'बँडविड्थ कंट्रोल' असेल तर बॅकअपवाल्या फोनच्या अपलोडला लगाम घाला, बरंच काम होतं.

'पिंग बूस्टर' ॲपवर पैसे घालवू नका. ते डेटा वेगळ्या रस्त्याने नेतात. कंपनीचा रस्ताच वाकडा असेल तर फरक पडेलही, पण तुमच्या घरातली रांग त्याने हटत नाही.

उरला एक प्रकार. घरात दुसरं कुणीच नेट वापरत नाही, केबल लावलीय, तरी रोज रात्री नऊनंतर पिंग चढतो आणि पहाटे उतरतो. ही गर्दी कंपनीच्या बाजूची. तक्रारीत 'नेट स्लो आहे' असं लिहू नका. तीन दिवस, सकाळी आणि रात्री, केबलवरून घेतलेल्या पिंगचे वेळेसकट स्क्रीनशॉट जोडा. मग 'राउटर बंद करून चालू करा' या उत्तरावर बोळवण करणं त्यांना जड जातं.