थोड्या पैलूंची सृष्टि

संगणकावरील खेळांत दिसणारी टेकडी पाहणाराला सलग वाटते. वस्तुतः ती लहान लहान त्रिकोणांची जोडणी असते. त्रिकोणच कां? तीन बिंदु कसेही मांडले तरी एकाच पातळींत राहतात. चौथा आला कीं पृष्ठ पिळवटूं शकतें. वीस त्रिकोणांचा गोल खडकासारखा दिसतो. प्रत्येकाचे चार भाग करीत गेल्यास ८०, ३२०, १२८० अशी संख्या वाढते आणि खडकाचा चेंडू होतो.

१९९४ सालीं जपानांत प्लेस्टेशन हें यंत्र विक्रीस आलें, तेव्हां त्रिकोणांची काटकसर सक्तीची होती; यंत्राची शक्तीच तोकडी. पुढें यंत्रें समर्थ झालीं आणि मोठ्या कंपन्यांनीं शेंकडों कारागीर लावून पानापानाची शीर दाखविण्याचा ध्यास घेतला. एकट्यादुकट्या कलावंताला ही चढाओढ कशी परवडावी? त्यानें जुन्या सक्तीलाच शैलीचें रूप दिलें. तीच ही 'लो-पॉली' शैली.

तिचें मर्म प्रकाशांत आहे. शेजारच्या छटा एकमेकींत मिसळून गोलाई भासविण्याची युक्ति आंरी गूरो यांनीं १९७१ सालीं मांडली. लो-पॉली कलावंत ती बुद्ध्याच टाळतो. प्रत्येक पैलूला तो एकच छटा देतो. उन्हाकडील अंग तांबूस, सावलीकडील निळसर. तपशील गळतो, प्रहर मात्र उरतो.

याच वृत्तीच्या 'फायरवॉच' (२०१६) या खेळांत वायोमिंगचें अरण्य आहे. ऑली मॉस यांनीं अमेरिकन राष्ट्रीय उद्यानांच्या जुन्या भित्तिपत्रकांपासून स्फूर्ति घेतली. दूरचे डोंगर तेथें फिकट होत जाणाऱ्या रंगांचे थर आहेत. कॅनडांतील ॲडम रॉबिन्सन-यू यांच्या 'अ शॉर्ट हाइक' (२०१९) मध्यें एक पक्षीकन्या दूरध्वनीचा संकेत मिळावा म्हणून शिखर चढते. बेट चिमुकलें, झाडें ठोकळेबाज. तरी वाऱ्याची झुळूक जाणवते. २०२० च्या स्वतंत्र खेळांच्या महोत्सवांत याच खेळाला सर्वोच्च पारितोषिक मिळालें.

कोणी म्हणेल, ही गरिबीची सोय आहे. आरंभ तसाच झाला हें खरें. परंतु पानांच्या दाटींत एखादें फसलेलें झाड लपून जातें. येथें दहाबारा पैलूंचें झाड उघड्यावर उभें असतें. त्याची बाह्यरेषा चुकली, तर झांकायला कांहींच नसतें. म्हणून तपशील सोडण्यापूर्वीं, झाडाला झाडपण कशानें येतें, हें कलावंताला ठाऊक असावें लागतें.