अनुदान : येतें कसें, अडतें कोठें

सक्करदऱ्याच्या तलावाकडून सकाळीं फिरून परतणारा गृहस्थ वाटेंतील तुंबलेल्या गटाराकडे पाहून सहज बोलून जातो, "सरकार शहराला एवढे पैसे देतें, ते जातात तरी कोठें?" प्रश्न रास्त आहे. मात्र पुष्कळ वेळां पैसा गेलेला नसतो. वाटेंतच थांबलेला असतो.

नागपुरास 1864 मध्यें नगरपालिका मिळाली आणि 1951 मध्यें महानगरपालिका. कामें वाढलीं, त्या मानानें उत्पन्न वाढलें नाहीं. म्हणून वरून येणाऱ्या अनुदानाचें महत्त्व. पंधराव्या वित्त आयोगानें 2021 ते 2026 या पांच वर्षांकरितां देशांतील स्थानिक संस्थांस 4,36,361 कोटी रुपये सुचविले. पण ते बिनशर्त नव्हेत. गेल्या वर्षाचा कच्चा हिशेब आणि त्यापूर्वींच्या वर्षाचा तपासलेला हिशेब सर्वांस पाहतां येईल असा प्रसिद्ध करावा, ही पहिली अट. राज्यानें आलेली रक्कम कामकाजाच्या दहा दिवसांत खालीं पोंचवावी, नाहींतर व्याजासह द्यावी, हीहि एक अट. आणि ती फार शहाणपणाची.

परगांवीं शिकणाऱ्या मुलाचा मागील महिन्याचा हिशेब आला, कीं घरून पुढील पैसे निघतात. अनुदानाचीहि रीत हीच. खर्च झाल्याचें उपयोगिता प्रमाणपत्र गेल्याविना पुढचा हप्ता निघत नाहीं. पण प्रमाणपत्र लिहावयाचें कशावरून? देयकावरून. देयक मंजूर होतें मोजमाप पुस्तिकेंतील नोंदीवरून, आणि नोंद होते ती अभियंत्यानें जागेवर जाऊन माप घेतल्यावर. ही एक नोंद महिनाभर राहिली, तर तिच्यामागें देयक, प्रमाणपत्र व हप्ता असे सारेच खोळंबतात. लांच नाहीं, अफरातफर नाहीं. तरी गटार तसेंच!

पूर्वीं याहून मोठा घोळ होता. केंद्राचा पैसा राज्याकडे, तेथून खात्याकडे, तेथून खालच्या संस्थेकडे जाई आणि ठिकठिकाणच्या बँकांत पडून राही. एकीकडे शिल्लक निजलेली, दुसरीकडे सरकार व्याजानें कर्ज काढीत आहे, असा हा विचित्र संसार! त्यावर 1 जुलै 2021 पासून, ज्या योजनांचा खर्च केंद्र व राज्य मिळून करतात त्यांतील प्रत्येक योजनेस राज्यांत एकच प्रमुख यंत्रणा व तिचें एकच खातें, असा नियम झाला. खालच्या कार्यालयांचीं खातीं शून्य शिल्लकेचीं; मर्यादा ठरलेली असते व लागेल तेव्हांच रक्कम उचलावयाची. कोणी किती उचललें, हें सार्वजनिक वित्तीय व्यवस्थापन प्रणालींत दिसतें. सुधारणा खरी आहे. पण यंत्र पैसा निजूं देत नाहीं इतकेंच; मोजमाप पुस्तिका तें लिहीत नाहीं.

शहरांना आणखी एक अट होती, आणि ती घरोघर पोंचणारी आहे. 2022-23 पासून मालमत्ता कराची वसुली राज्याच्या उत्पन्नवाढीच्या सरासरी वेगानें तरी वाढली पाहिजे, असें आयोगानें ठरविलें. म्हणजे घरपट्टी थकली, कीं कर बुडतोच आणि अनुदानावरील हक्कहि डळमळतो.

शिवाय मोठ्या योजनेंत शहरास आपला वांटा घालावा लागतो. 2022 मध्यें मान्यता मिळालेल्या नाग नदीच्या प्रदूषण-निवारण योजनेचा खर्च सुमारें 1,927 कोटी. त्यांत महानगरपालिकेचा वांटा सुमारें 304 कोटींचा. झाडूवाल्यांचे पगार, रस्त्यांवरील दिवे आणि गटारांची सफाई ज्या तिजोरींतून चालते, त्याच तिजोरीवर हा भार पडतो.