चार सेमिस्टरचा चिकटा

शेवटचा पेपर शुक्रवारी संपला आणि त्याच संध्याकाळी घरमालकीण काकूंचा मेसेज आला. 'रविवारी फ्लॅट बघायला येते. शेगडी दिली होती तशीच हवी, नाहीतर डिपॉझिटमधून पैसे कापेन.' आम्ही चौघींनी एकदमच किचनकडे पाहिलं. सदाशिव पेठेतल्या त्या वन बीएचकेमध्ये दोन वर्षं मॅगी, ऑम्लेट आणि रात्री दोनचा चहा ज्या शेगडीवर झाला, तिच्या जाळ्यांचा मूळ रंग कोणता होता, हेच कुणाला आठवेना.

मग आम्ही तेच केलं, जे अशा वेळी सगळे करतात. मोबाइलवर रील बघितली. जाळीवर बेकिंग सोडा टाकला, वरून व्हिनेगर ओतलं. मस्त फेस आला. फेस बसला, काळं होतं तिथेच! वैतागून मी तारेची घासणी घेतली आणि एक जाळी अर्धा तास खसाखसा घासली. चिकटा निघाला, पण त्यासोबत जाळीची चकाकीही गेली. रात्री तशीच ओली ठेवली. सकाळी त्या जागी तांबूस गंज.

आईला व्हिडिओ कॉल लावला. तिने आधी हसून घेतलं आणि मग एकच प्रश्न विचारला, "अगं, जाळी कशाची आहे ते बघितलंस का?"

आधी ओळख, मग घासणी

नव्हतं बघितलं. काकूंच्या शेगडीच्या दोन जाळ्या दोन जातीच्या निघाल्या. एक मूळची, हलकी, गुळगुळीत आणि चकचकीत, म्हणजे इनॅमलची. इनॅमल म्हणजे पोलादावर भाजून चढवलेली काच. तिला तारेची घासणी लावली की चरे पडतात, आणि काच उडाली की खालचं लोखंड उघडं पडून गंजतं. हा पराक्रम माझा.

दुसरी काकूंनी नंतर आणून बसवलेली. जड, जाड, हाताला खरखरीत. ही बिडाची. आजीच्या घरचा बिडाचा तवा आठवा, तोच धातू. तिला घासणी चालते, पण पाण्यात पडून राहणं अजिबात चालत नाही.

तो काळा थर आहे तरी काय?

जाळीवर उडालेलं तेल रोज तापतं. उष्णता आणि हवेतला ऑक्सिजन यामुळे तेलाचे रेणू एकमेकांत गुंफून लांबलचक साखळ्या होतात. अकरावी-बारावीत शिकलेलं पॉलिमरायझेशन हेच. हा थर साध्या साबणाला दाद देत नाही. त्याला लागतो तीव्र अल्कली, म्हणजे धुण्याचा सोडा. बेकिंग सोडा त्यामानाने फारच सौम्य. त्यात व्हिनेगर ओतलं की आम्ल आणि अल्कली एकमेकांना मारतात. फेस असतो तो कार्बन डायऑक्साइडचा, आणि मागे उरतं मिठासारखं पाणी. आम्ही रात्रभर बहुतेक तेच चोळत होतो.

धुण्याचा सोडा घरात नसेल तर एक जुगाड आहे. खाण्याचा सोडा कोरड्या लोखंडी कढईत मंद आचेवर बराच वेळ परतायचा. त्यातलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि उरतो तो धुण्याचा सोडाच. आम्ही मात्र सरळ खालच्या वाण्याकडून पुडा आणला.

शनिवारचा कार्यक्रम

सगळ्यात आधी रेग्युलेटर बंद. शेगडी पूर्ण गार होऊ दिली, कारण तापलेल्या बिडावर किंवा इनॅमलवर गार पाणी पडलं तर तडा जाऊ शकतो. हातमोजे घातले. अर्धी बादली गरम पाण्यात दोन मुठी सोडा टाकून दोन्ही जाळ्या बुडवल्या. दुपारपर्यंत थर मऊ झाला होता. इनॅमलची जाळी नायलॉनच्या घासणीने पुसली. बिडाच्या जाळीवरचं उरलेलं काळं लाकडी उलथण्याच्या कडेने खरवडलं आणि मग तारेची घासणी फिरवली.

अॅल्युमिनियमचा कुठलाही भाग या बादलीत टाकू नका, काळा पडतो. आमचे बर्नर पितळी होते. ते चिंचेच्या कोळाने लखलखले आणि भोकं सुईने मोकळी केली. भोकं तुंबली की ज्योत पिवळी होते. पिवळी ज्योत म्हणजे गॅस नीट जळत नाही. भांड्यांची बूडं काळी होतात आणि कार्बन मोनॉक्साइडही तयार होतो. बर्नर पूर्ण वाळवूनच परत बसवा.

बिडावरच्या गंजालाही चिंचच लावली, पण अर्ध्या तासाच्या वर नाही, कारण आम्ल पुढे लोखंडही खायला लागतं. संडास साफ करायचं अॅसिड मात्र विसरा. ते लोखंड खातंच, आणि ब्लीचमध्ये मिसळलं तर क्लोरीन वायू निघतो. छोट्या किचनमध्ये हा प्रयोग जिवावर बेतू शकतो.

काढलेला थर परत चढवायचा

स्वच्छ धुतलेलं बीड राखाडी दिसतं आणि बघता बघता गंजतं. म्हणून धुतल्याबरोबर फडक्याने कोरडी केलेली जाळी शेगडीवर ठेवून मंद आच दिली. कोमट झाल्यावर गॅस बंद करून तेलाचं बोट फिरवलं आणि कोरड्या फडक्याने जवळजवळ सगळं पुसून टाकलं. पुन्हा मंद आच, खिडक्या उघड्या, धूर थांबेपर्यंत. असं तीनदा. तेल जास्त राहिलं तर चिकट होतं, म्हणून पुसणं महत्त्वाचं.

गंमत म्हणजे हाही थर तेलाच्या पॉलिमरचाच. जाड, गुठळ्यांचा असला की तो चिकटा, आणि पातळ, एकसारखा असला की तेच लोखंडाचं कवच. ज्योतीच्या अगदी वरच्या टोकांवर तो लवकर जळून जातो, तिथे अधूनमधून पुन्हा तेलाचं बोट लागतं.

रविवारी काकू आल्या. बिडाची जाळी उचलून उजेडात धरली. "ही तर मी आणली तेव्हाही अशी नव्हती गं," म्हणाल्या. मग दुसरी बघितली. माझे चरे लगेच दिसले. त्या जाळीचे पैसे कापले, आणि ते बरोबरच होतं. बाकी डिपॉझिट त्याच दिवशी परत केलं.

जाताना काकूंनी मला एक कागद लिहायला लावला. तो आता नव्या मुलींसाठी फ्रीजवर आहे. 'जाळ्या दर रविवारी साबणाने धुणे. पातळ जाळीला तार लावायची नाही. जड जाळी ओली ठेवायची नाही. गॅसचा वास आला तर स्विचला हात न लावता रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, बाहेर जाऊन 1906 ला फोन.'