स्कूबाचा दाखला किती दिवसांत?

मालवण-तारकर्लीला प्रशिक्षकाने हात धरून पाण्याखाली फिरवले म्हणजे दाखला मिळाला असे नव्हे. कापडाचा नमुना आणि अख्खे ठाण यांत असतो तेवढा फरक! ‘पाडी’चा ‘ओपन वॉटर’ कोर्स साधारण ३ ते ४ दिवसांचा. त्यात पुस्तकी अभ्यास, उथळ पाण्यात सराव, समुद्रात ४ बुड्या; शिवाय २०० मीटर पोहणे. सर्दी असल्यास कानातला दाब जुळत नाही, मुक्काम वाढतो.

मात्र हा दाखला शौकापुरता, १८ मीटरपर्यंतचा. आम्ही व्यापारी रोजीचे आधी विचारतो. त्यासाठी ‘डाइव्हमास्टर’ व्हावे लागते: वय १८ पूर्ण, मधले कोर्स आणि किमान ६० बुड्या. नवख्या मुलाने काही महिने धरावेत. पावसाळ्यात कोकणात हे काम बंदच असते.