दृष्टी देणाऱ्या अध्यापकाचा गौरव

परभणी (प्रतिनिधी) : वैद्यकीय महाविद्यालयातील अध्यापकाला रुग्णसेवा, अध्यापन आणि प्रशासन अशा तिन्ही जबाबदाऱ्या पेलाव्या लागतात. मराठवाड्याचे सुपुत्र, नेत्रतज्ज्ञ डॉ. तात्याराव लहाने यांना २००८ मध्ये मिळालेला 'पद्मश्री' किताब हा अशाच सेवेचा गौरव होता.

लातूर जिल्ह्यातील माकेगाव येथे जन्मलेल्या डॉ. लहाने यांनी परभणीला लागून असलेल्या बीड जिल्ह्यात, अंबाजोगाईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापन केले. पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाचा नेत्रविभाग त्यांनी नावारूपाला आणला. मूत्रपिंडे निकामी झाल्यावर १९९५ मध्ये आई अंजनाबाईंनी आपले मूत्रपिंड देऊन त्यांना जीवदान दिले. त्यानंतरही त्यांचे काम सुरूच राहिले. मोतीबिंदूच्या एक लाखाहून अधिक शस्त्रक्रिया त्यांच्या नावावर आहेत.

मोतीबिंदूत डोळ्यातील भिंग धूसर होते. ते काढून कृत्रिम भिंग बसविले की दिसू लागते. खासगी उपचार न परवडणाऱ्या ग्रामीण वृद्धांना त्यासाठी शासकीय रुग्णालयाचाच आधार असतो.

परभणीतही २०२३ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. इमारती व यंत्रे निधीतून उभी राहतात. येथे टिकून शिकविणारे अध्यापक मात्र जपावे लागतात. त्यांची कदर हा म्हणूनच केवळ हारतुऱ्यांचा विषय नाही.